कट-ऑफ बरोबर, तास चूक: मेनफ्रेमवरच्या एका सी प्रोग्रामचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी जळगावात घरून काम करतो. एका मालवाहतूक कंपनीची बुकिंग यंत्रणा आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या कंपन्या वापरतात तो मध्यवर्ती संगणक), त्याच्या झेड/ओएस या कार्यप्रणालीवर चालते. तिच्यातल्या सी आणि कोबोल प्रोग्रामांची देखभाल आमच्या पाच जणांच्या टीमकडे आहे. मशीन मुंबईच्या बाजूला, टीमचे बाकीचे लोक पुण्यात आणि मी इथे. कंपनीचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसाच्या तसा आहे.

आमच्या भागातून या यंत्रणेवर जाणारा मुख्य माल म्हणजे निर्यातीची केळी. चोपडा, यावल, रावेर इथल्या पॅकहाऊसमध्ये सकाळी घड येतात, फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यातून चीक धुतला जातो आणि तेरा-तेरा किलोची खोकी भरून वातानुकूलित कंटेनरमध्ये चढतात. पुढे धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट आणि न्हावा शेवा. चारशे किलोमीटरहून जास्त रस्ता. बंदराच्या दारात कंटेनर किती वाजेपर्यंत शिरला पाहिजे ती वेळ म्हणजे कट-ऑफ. ती चुकली की बोट निघून जाते आणि कंटेनर पुढच्या आठवड्याच्या बोटीवर ढकलला जातो. कापलेलं केळं थंडीत झोपतं, पण मरेपर्यंत झोपत नाही. एक आठवडा म्हणजे समोरचा व्यापारी भाव तोडणारच.

आमचा एक सी प्रोग्राम दर दोन तासांनी चालतो. डीबी२ या डेटाबेसच्या तक्त्यातून प्रत्येक बुकिंगचा कट-ऑफ वाचतो आणि पॅकहाऊसला व ट्रान्सपोर्टवाल्याला सूचना पाठवतो. सूचनेत दोनच महत्त्वाच्या गोष्टी असतात: कट-ऑफची तारीख-वेळ आणि 'शिल्लक तास'. पॅकहाऊसवाले पहिली गोष्ट बघतात. जळगावातला ट्रेलर लावणारा माणूस दुसरी बघतो, कारण त्याच्यापुढे एका वेळी तीस-चाळीस बुकिंगं असतात आणि तो ती शिल्लक तासांच्या क्रमाने लावतो. वीस तास उरले की कंटेनर पॅकहाऊसमधून हललाच पाहिजे, असा त्याचा हिशेब. प्रवास आणि बंदराबाहेरची रांग धरूनही त्यात थोडी उसंत असते.

हा प्रोग्राम वर्षानुवर्षं विनातक्रार चालत होता. त्यात एक बदल झाला. आधी तो सूचना एका फाइलमध्ये लिहायचा आणि पुढचा जॉब ती फाइल पाठवायचा. आता प्रोग्रामनेच, चार-पाच थ्रेड (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या वाटा) उघडून, सूचना थेट पाठवायच्या असं ठरलं. झेड/ओएसवर सी मध्ये पीथ्रेड, म्हणजे यूनिक्सच्या धर्तीचे थ्रेड, वापरायचे तर प्रोग्राम पॉझिक्स(ऑन) या पर्यायाखाली, म्हणजे यूनिक्सच्या नियमांनी, चालावा लागतो. म्हणून सोर्सच्या डोक्यावर कंपायलरला हा पर्याय सांगणारी एक प्रॅग्मा ओळ आली. वेळेशी संबंधित एकाही ओळीला कोणी हात लावला नाही. हे मी पुन्हा सांगतोय, कारण पुढच्या तीन दिवसांत आम्ही स्वतःला हेच वाक्य सांगून फसवत होतो.

अडचण

बदल रविवारी रात्री प्रॉडक्शनला गेला. सगळे जॉब रिटर्न कोड शून्यावर, म्हणजे विनाचूक, संपले.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास चोपड्याकडच्या एका पॅकहाऊसच्या मालकांचा फोन आला. वडिलांचे मित्र, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. या सूचना आमच्याच प्रोग्राममधून निघतात हे मी त्यांना कधीतरी कौतुकाने सांगून ठेवलं होतं, त्याची ही वसुली.

"भाऊ, उद्याना सहाना कट-ऑफ शे. आते दोन वाजनात. मी बोटंवर मोजं, अठ्ठावीस तास व्हतस. तुना मेसेज साडेतेहतीस सांगस. तुनं घड्याय चुकनं का मनं?"

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, "आबा, कट-ऑफ सहाचाच दिसतोय ना? मग तो धरा. तासांचं काहीतरी राऊंडिंग असेल, बघतो मी." साडेपाच तासांचं राऊंडिंग! भारतात बसून संगणकावर काम करणाऱ्या माणसाला साडेपाच हा आकडा ऐकून कान टवकारता आले नाहीत, यापुढे काय बोलायचं.

आबांनी आपली तयारी सहाच्या हिशेबाने ठेवली. पण ट्रेलर त्यांच्या हातात नव्हता. ट्रान्सपोर्टच्या पडद्यावर ते बुकिंग खाली सरकलेलं होतं. सोमवारी रात्री दहाला निघायचा तो कंटेनर मंगळवारी पहाटे साडेतीनला निघाला. हिशेबातली सगळी उसंत तिथेच संपली. कसारा घाटात थोडा वेळ गेला, बंदराबाहेर रांग होतीच. गाडी दारात पोचली तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पहिला ठपका ड्रायव्हरवर आला. मालेगावला जेवायला थांबला, उशीर त्यानेच केला, वगैरे. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बिचारा एकूण अर्धा तास थांबला होता आणि त्याच्या गाडीच्या जीपीएसमध्ये ते दिसत होतं.

शोध

बुधवारी सकाळी मी लॉग उघडला. त्याच जॉबच्या पुढच्या पायरीत कोबोलचा एक रिपोर्ट निघतो आणि त्याच्या डोक्यावर करंट-डेट फंक्शनची २१ अक्षरं छापलेली असतात. शेवटच्या पाच अक्षरांत ग्रिनिचपासूनचा फरक येतो: +०५३०. तिथे वेळ १४:०० होती. त्याच मिनिटाला सी प्रोग्रामने लॉगमध्ये लिहिलं होतं ०८:३०. एकाच मशीनवर, एकाच जॉबमध्ये, दोन पायऱ्यांत साडेपाच तासांचा फरक.

कारण असं. मेनफ्रेमचं हार्डवेअर घड्याळ, ज्याला टीओडी म्हणतात, ते यूटीसीवर (ग्रिनिचच्या जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं आणि १ जानेवारी १९०० पासून मोजतं. स्थानिक वेळेचा फरक वेगळा सांगावा लागतो. पार्मलिब या सिस्टिमच्या सेटिंगच्या संग्रहात, क्लॉक मेंबरमध्ये 'टाइमझोन ई.०५.३०.००' असं लिहिलेलं असतं (ई म्हणजे ग्रिनिचच्या पूर्वेला) आणि तो फरक सिस्टिम सीव्हीटी नावाच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये ठेवते. कोबोल तिथून आलेली स्थानिक वेळ घेतो. सी चं मात्र तसं नाही. सी ची लायब्ररी आधी टीझेड नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेलं सेटिंग) शोधते. पॉझिक्स(ऑफ) असेल तर त्याचंच अंडरस्कोअर लावलेलं भावंड शोधते. ते नसेल तर लोकेलमध्ये (देश-भाषेच्या सेटिंगमध्ये) काही लिहिलंय का बघते. तिथेही नसेल तर वाटा फुटतात. पॉझिक्स(ऑफ) प्रोग्राम सिस्टिमच्या घड्याळाचा फरक उचलतो, पॉझिक्स(ऑन) प्रोग्राम गुपचूप यूटीसी धरतो. ना इशारा, ना एरर.

इतकी वर्षं आमच्या जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींमध्ये) टीझेड कुठेच नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं. प्रॅग्माच्या एका ओळीने लोकलटाइम आणि एमकेटाइम या दोन्ही फंक्शनांचा अर्थ बदलला.

मग कट-ऑफ बरोबर कसा छापला जात होता? इथे मी बराच वेळ अडलो. तक्त्यातला टाइमस्टॅम्प भारतीय वेळेत आहे, त्याला झोन नाही. प्रोग्राम त्यातले आकडे काढून स्ट्रक्चरमध्ये भरतो, एमकेटाइमने त्याचे सेकंद (१९७० च्या सुरुवातीपासून, यूटीसीत मोजलेले) करतो आणि छापताना लोकलटाइमने परत आकडे करतो. दोन्ही फंक्शनं यूटीसी धरून बसली तर जाताना झालेली चूक येताना फिटते. आत १८:००, बाहेर १८:००. पण शिल्लक तास काढताना एका बाजूला हे चुकीचे सेकंद येतात (संध्याकाळचे सहा यूटीसी, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा) आणि दुसऱ्या बाजूला टाइम फंक्शनचे आत्ताचे खरे सेकंद. वजाबाकीत साडेपाच तास फुकट वाढतात. अठ्ठावीसचे साडेतेहतीस.

दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून आमच्यापैकी ज्याने-ज्याने सूचना उघडून पाहिली त्याला ती बरोबर वाटली. बोटीच्या कंपनीकडून सुधारित कट-ऑफ येतो तो थेट सेकंदांत येतो, त्याला परतीचा प्रवास नाही. त्या आठवड्यात तसा एकही आला नाही, नाहीतर संध्याकाळचे सहा दुपारचे साडेबारा म्हणून छापले गेले असते आणि आम्हाला सोमवारीच जाग आली असती.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही, त्याचं उत्तर त्याहून साधं आहे. नवा प्रोग्राम पुण्याच्या सहकाऱ्याने यूनिक्स शेलमधून चालवून पाहिला होता. शेलमध्ये लॉगिन केलं की प्रोफाइल फाइल चालते आणि आमच्या सिस्टिमवर त्या फाइलमध्ये टीझेड व्यवस्थित लिहिलेलं आहे. बॅच जॉबला, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप चालणाऱ्या कामाला, ती फाइल दिसतच नाही. बीपीएक्सबॅच या, बॅचमधून यूनिक्सचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनानेही हाच घोळ होतो: 'एसएच' म्हणून चालवलं तर प्रोफाइल वाचली जाते, 'पीजीएम' म्हणून चालवलं तर नाही. म्हणजे परीक्षा एका वर्गात दिली आणि नोकरी दुसऱ्याच गावात लागली.

पर्याय

बुधवारी संध्याकाळी कॉलवर चौघे होतो: मी, पुण्याचा सहकारी, आमच्या लीड आणि मेनफ्रेमच्या सिस्टिम प्रोग्रामर मॅडम.

सहकाऱ्याची पहिली सूचना सगळ्यात लहान होती: आत्ताच्या सेकंदांत १९,८०० मिळवा आणि मोकळे व्हा. साडेपाच तासांचे तेवढेच सेकंद होतात. त्या रात्रीपुरतं ते चाललंही असतं. पण तेच सेकंद आम्ही बोटीच्या कंपनीला उत्तरात पाठवतो, तिथे ते खोटे ठरले असते. शिवाय उद्या कोणी टीझेड नीट लावलं की शिल्लक तास साडेपाचने कमी दिसायला लागले असते. असले १९,८०० मी जुन्या कोडमध्ये बरेच पाहिले आहेत. ते का मिळवलेत हे सांगणारा माणूस तेव्हा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

लीडचा कल बॅकआउटकडे होता, म्हणजे जुना पॉझिक्स(ऑफ) प्रोग्राम परत लावायचा. सगळ्यात सुरक्षित तेच दिसत होतं. माझा आक्षेप असा की जुना प्रोग्रामसुद्धा नशिबाने बरोबर होता. मशीन भारतात आहे, त्याचा क्लॉक मेंबर भारताचा आहे, म्हणून बंदराची वेळ आणि मशीनची वेळ एक निघाली. उद्या डेटा सेंटर सिंगापूरला गेलं तर न्हावा शेव्याचं कट-ऑफ अडीच तासांनी सरकेल. माझा मुद्दा खरा होता. पण त्या रात्री तो मांडायला नको होता, त्याबद्दल खाली लिहितो.

तिसरा पर्याय सीव्हीटीतून फरक स्वतः वाचायचा. मेनफ्रेमवर पत्ता १६ वर सीव्हीटीचा पॉइंटर असतो, तिथून सी मध्येही पोचता येतं. मला हा मोह नेहमी होतो आणि मॅडम नेहमी अडवतात. त्यातलं जुनं फील्ड, सीव्हीटीटीझेड, १.०४८५७६ सेकंदांच्या एककात आहे, कारण ते टीओडी घड्याळाचा वरचा अर्धा भाग आहे. आपले १९,८०० सेकंद त्या एककात पूर्ण बसत नाहीत, १८,८८२ आणि वर पाऊण उरतो. चौसष्ट बिटांचं सीव्हीटीएलडीटीओ वापरलं तर ही अडचण नाही, पण त्यापेक्षा लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची (सी, कोबोल अशा भाषांच्या प्रोग्रामांना लागणाऱ्या आयबीएमच्या सामाईक व्यवस्थेची) सीईईजीएमटीओ ही सेवा सरळ तास आणि मिनिटं देते. हा पर्याय उपाय म्हणून बाद झाला, तपासणीसाठी मात्र पुढे कामी आला.

मी मॅडमना विचारलं, "सीईईपीआरएम मेंबरमध्ये टीझेड टाकून सगळ्या सिस्टिमसाठीच एकदा लावून टाकता येईल का?"

"येईल ना," मॅडम म्हणाल्या. "पण या एलपारवर बाकी किती जॉब यूटीसी धरून बसलेत, ते तुम्ही मला लेखी देणार का?"

एलपार म्हणजे मेनफ्रेममधला वेगळ्या मशीनसारखा चालणारा एक भाग. विषय संपला.

उरला तो पर्याय आम्ही घेतला: याच जॉबच्या जेसीएलमध्ये सीईईऑप्ट्स नावाची डीडी (जॉबला फाइल किंवा डेटा जोडणारी ओळ) देऊन त्यात एन्व्हार पर्यायाने टीझेड लावायचं. प्रोग्राम बदलायचा नाही, कंपाइल नाही, एका जॉबपुरता परिणाम.

काय केलं, आणि पुन्हा काय बिघडलं

रात्री सव्वाअकराला मी ती ओळ लिहिली. मॅन्युअलमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं उदाहरण 'ईएसटी५ईडीटी' असं असतं. मी त्याच धर्तीवर लिहिलं 'आयएसटी५:३०'.

गुरुवारी सकाळी आबांच्या एका नव्या बुकिंगचे शिल्लक तास एकोणचाळीस आले. खरे होते अठ्ठावीस.

पॉझिक्सच्या टीझेडमधलं चिन्ह आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण म्हणतो भारत ग्रिनिचच्या पुढे, अधिक साडेपाच. टीझेडमधला आकडा विचारतो की स्थानिक वेळेत किती मिळवले म्हणजे यूटीसी होईल. भारतासाठी उत्तर उणे साडेपाच. चिन्ह दिलं नाही तर अधिक धरतात, म्हणजे पश्चिम. अमेरिकेच्या उदाहरणात चिन्ह दिसत नाही ते म्हणूनच. मी प्रोग्रामला यूटीसीवरून उचलून अटलांटिकच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं. फरक साडेपाचचा होता, तो अकराचा झाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि क्लॉक मेंबरमध्ये पूर्वेला ई, पश्चिमेला डब्ल्यू असं सरळ लिहितात, म्हणजे एकाच मशीनवर दोन ठिकाणी दोन रीती.

कट-ऑफ पुन्हा बरोबरच छापला जात होता, तीच झाकाझाकी. सुदैवाने यावेळी ट्रान्सपोर्टवाल्याला मी रात्रीच सांगून ठेवलं होतं की दोन दिवस शिल्लक तास बघू नका, कट-ऑफवरून हाताने मोजा. त्या एका फोनमुळे गुरुवारी एकही गाडी उशिरा लागली नाही. साडेदहाला ओळ दुरुस्त झाली: 'आयएसटी-५:३०'. पुढच्या सूचनेत आबांचे तास बोटांशी जुळले.

आयएसटी या तीन अक्षरांना काही किंमत नाही, हेही तेव्हाच सहकाऱ्याला समजावून सांगावं लागलं. इस्रायल आणि आयर्लंड हीच अक्षरं वापरतात. सी लायब्ररीला ती फक्त छापण्यापुरती. फरक ठरतो तो पुढच्या आकड्यावरून. अक्षरं बरोबर आहेत म्हणून रिव्ह्यूमध्ये ती ओळ पास झाली होती.

पुढच्या दोन आठवड्यांत मूळ दुरुस्ती केली. कट-ऑफच्या तक्त्यात दोन स्तंभ वाढले: कट-ऑफ यूटीसीमध्ये, आणि बंदराचा कोड. सगळी वजाबाकी यूटीसीत होते, स्थानिक वेळ फक्त छापताना, बंदराच्या कोडवरून. जुना झोनविना स्तंभ अजून आहे, त्यावर अवलंबून असलेले रिपोर्ट मोजून झालेले नाहीत.

बंदरांच्या फरकांचा तक्ता करताना एक वाद झाला. सूचनेत दुबईच्या जेबेल अली बंदराला पोचण्याची वेळही तिथल्या घड्याळाने दाखवायची होती. सहकाऱ्याचं म्हणणं, टीझेड बदलायचं, टीझेडसेट बोलवायचं, छापायचं आणि परत भारतावर आणायचं. एकट्या थ्रेडच्या प्रोग्राममध्ये हे ओढूनताणून चालतं. इथे पाच थ्रेड होते आणि टीझेड सगळ्या प्रोसेसचं एकच. एक थ्रेड दुबईत असताना दुसऱ्याने चोपड्याची सूचना छापली तर? म्हणून टीझेडला हात न लावता, यूटीसीच्या सेकंदांत बंदराची मिनिटं मिळवून जीएमटाइमने आकडे काढायचे असं ठरलं. जेबेल अली २४०, इराणचं बंदर अब्बास २१०, न्हावा शेवा ३३०.

प्रत्येक ओळीला 'या तारखेपासून' असा स्तंभ असावा हा माझा हट्ट. लीड म्हणाल्या, भारताची वेळ थोडीच बदलते? बदललेली आहे. देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर १९०६ मध्ये आली, पण मुंबई आपली ४ तास ५१ मिनिटांची वेळ १९५५ पर्यंत धरून होती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ मध्ये सगळा देश साडेसहावर गेला होता. आजही जळगावचा सूर्य घड्याळाच्या अठ्ठावीसेक मिनिटं मागे चालतो, ते कोणी मनावर घेत नाही एवढंच. आणि ताजं उदाहरण हवं तर इराण. तिथे दर वर्षी घड्याळ पुढे-मागे व्हायचं, ते २०२२ नंतर थांबलं. जुन्या बुकिंगच्या वेळा आजच्या नियमाने छापल्या तर चुकतील. स्तंभ मंजूर झाला.

प्रोग्रामच्या सुरुवातीला एक पहारेकरी बसवला. आत्ताचे सेकंद घ्यायचे, जीएमटाइमने यूटीसीचे आकडे काढायचे, ते एमकेटाइमला द्यायचे आणि मूळ सेकंदांतून वजा करायचे. जो फरक येतो तो प्रोग्रामच्या मनातला फरक. तो सीईईजीएमटीओने दिलेल्या सिस्टिमच्या फरकाशी जुळला नाही तर रिटर्न कोड १६ देऊन थांबायचं. हे लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीएमटाइम आणि लोकलटाइम आपल्या आतल्या जागेचा पत्ता देतात, ती जागा पुढच्या हाकेला पुसली जाऊ शकते, म्हणून आकडे लगेच आपल्या स्ट्रक्चरमध्ये उतरवून घ्यायचे. थ्रेड उघडल्यावर तर शेवटी अंडरस्कोअर-आर असलेली रूपंच वापरायची. दुसरं, टीएम_इझडीएसटी, म्हणजे उन्हाळी वेळ चालू आहे का ते सांगणारं फील्ड. जुन्या कोडमध्ये तक्त्यातले सहा आकडे भरले जायचे आणि हे फील्ड कचऱ्यासह तसंच एमकेटाइमला जायचं. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही म्हणून निभावलं. आता स्ट्रक्चर आधी शून्य करतो आणि तक्त्यातली वेळ देताना तिथे उणे एक टाकतो.

परिणाम

आबांचा तो कंटेनर यार्डात वीज लावून आठवडाभर उभा राहिला आणि पुढच्या बोटीने गेला. व्यापाऱ्याने भाव तोडला. किती ते आबांनी मला सांगितलं नाही, मीही दोनदा विचारलं नाही. कंपनीने ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी कळवलं की चूक यंत्रणेची होती, आणि ड्रायव्हरच्या भाड्यातून कापलेली रक्कम परत मिळाली.

पहारेकऱ्याने तीन महिन्यांत एकदा जॉब थांबवला. टेस्टच्या एलपारवर कोणीतरी सीईईऑप्ट्सची डीडी कॉपी करायला विसरलं होतं. दहा मिनिटांचं काम.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय सोमवारचा, माझा. आबांनी दोन आकडे आणि त्यांची वजाबाकी हातात दिली होती. तेव्हा लॉग उघडायला पाच मिनिटं पुरली असती आणि ट्रेलर वेळेत लागला असता. मी त्यांच्या तक्रारीतला बरोबर असलेला भाग त्यांनाच ऐकवला. आता टीमचा नियम असा की एका सूचनेतल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत अशी तक्रार आली तर ती सरळ पहिल्या दर्जाची धरायची, मग ती कोणाचीही असो.

दुसरा बुधवारचा. लीड बॅकआउट म्हणत होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. जुना प्रोग्राम नशिबाने बरोबर असला तरी त्या रात्री तो बरोबर होता. सिंगापूरचा मुद्दा दोन आठवड्यांनी मांडता आला असता. मी उपाय जास्त शुद्ध हवा म्हणून हट्ट केला आणि रात्री सव्वाअकराला, कुठेही न चालवता, एक नवी ओळ प्रॉडक्शनला पाठवली. माझ्या आणि सहकाऱ्याच्या मतात इथे अजून फरक आहे. तो म्हणतो, बॅकआउट केलं असतं तर सूचना पाठवणारा पुढचा जॉबही परत लावावा लागला असता, त्यात वेगळं काही मोडलं असतं. असेलही.

तिसरी गोष्ट टेस्टची. शेलमध्ये चालवलेला प्रोग्राम बॅचमध्ये तसाच वागेल हे आम्ही धरून चाललो. आता चाचणी त्याच जेसीएलने होते, आणि एक चाचणी मुद्दाम टीझेड काढून होते, पहारेकरी ओरडतो का ते बघायला.

पहारेकऱ्याबद्दल माझ्या मनात शंका आहे. तो प्रोग्रामची तुलना सिस्टिमशी करतो. सिस्टिमचाच क्लॉक मेंबर चुकला तर दोघं मिळून चुकतील आणि तो गप्प राहील. तुलना अपेक्षित ३३० मिनिटांशी करावी असं मला वाटतं. मॅडम म्हणतात, तो आकडा कोडमध्ये पक्का केलात तर तुमच्या १९,८०० मध्ये आणि त्याच्यात फरक काय? हा प्रश्न अजून तिकिटावर उघडा आहे.

त्याच तिकिटाला मी आणखी एक काम जोडलं आहे. हा प्रोग्राम ३१ बिटांचा आहे, त्याचे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. चौसष्ट बिटांच्या वेळेची फंक्शनं लायब्ररीत आहेत, पण त्यासाठी तक्त्यात आणि बोटीच्या कंपनीकडे जाणाऱ्या संदेशात फील्ड वाढवावं लागेल, आणि त्यांच्याकडून होकार आलेला नाही. तीच पॉझिक्स(ऑन)ची प्रॅग्मा असलेले आणखी सहा प्रोग्राम सापडले. त्यातले दोन तपासून झाले. तिसऱ्याच्या जेसीएलमध्ये टीझेड नाही, पण तो यूटीसीच छापतो आणि वाचणाऱ्यांना तेच हवं आहे, असं त्यांनी मेलवर लिहून दिलं. तो तसाच ठेवला.